गाव वसवणारे पांढरेकाका

हसायचं असेल तर मनसोक्त हसा, पण ऐकून झाल्यावर 'पुस्तक कुठल्या बाजूने उघडायचं ते माहीत आहे ना?' असं कुणी मला विचारायचं नाही. एवढी एकच अट. आमच्या सासऱ्यांनी एकदा दिवाळीच्या फराळाला चार पाहुण्यांसमोर विचारलं होतं, ते मी अजून विसरलेलो नाही.

तर ही गोष्ट टोकियोतली. दोन हजार साल उलटून गेलं होतं आणि पुण्यात ज्याला म्हणून दोन ओळींचा प्रोग्रॅम लिहिता येत होता, तो पासपोर्ट हातात घेऊन जपानला निघाला होता. आमच्या कंपनीने आम्हा चौघांना एका जपानी क्लायंटच्या गळ्यात बांधलं. राहायला ग्योतोकु, कामाला टोकियो, आणि मधे तोझाई लाइनच्या लोकलमध्ये उभ्याने झोपायची सवय.

माझं आडनाव पटवर्धन. पहिल्या दिवशी ऑफिसात सगळ्यांनी 'पातोवारुदान-सान' असा प्रामाणिक प्रयत्न केला, दुसऱ्या दिवशी दमले आणि मी 'पातो-सान' झालो; 'सान' म्हणजे आपलं 'राव'. मला त्यात वाईट काही वाटलं नाही. शाळेत याहून वाईट नावं होती.

आमचे साहेब कुरोदा-सान. अख्ख्या डिपार्टमेंटचे मुख्य. केस अकाली पांढरेशुभ्र, आवाज लोण्यासारखा मऊ, आणि ओठांची ठेवणच अशी की कायम बारीक हसताहेत असं वाटावं. प्रत्यक्षात त्यांना हसताना कुणीही पाहिलेलं नव्हतं. जेवणानंतर खिशातून एक सुकवलेलं फळ काढायचे, आपल्या सुक्या अंजिराच्या चुलतभावासारखं दिसणारं, आणि ते चघळत मजल्यावरून एक चक्कर मारायचे.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही बॅगा आवरायला घेतल्या की ते टेबलापाशी येत. कमरेत वाकत. "फार माफ करा, एक अगदी छोटासा बदल आहे," म्हणत. संपला आमचा शनिवार. इतक्या अदबीने माणसाचा शनिवार घेऊन जाणारा दुसरा इसम मी जन्मात पाहिला नाही.

आणि या माणसाच्या हातात आमचं भवितव्य होतं बरं का. मार्चअखेर चौघांतल्या दोघांचं कॉन्ट्रॅक्ट वाढणार, दोघे परत पुण्याला, हे ठरलेलं. माझी बायको वैशाली शाळेतली चित्रकलेची नोकरी सोडून नुकतीच जपानला आलेली. पुण्यातला फ्लॅट भाड्याने दिलेला, आणि भाडेकरू असा चिवट की आम्ही परत गेलो असतो तर त्यानेच आम्हाला पाहुणे म्हणून ठेवून घेतलं असतं. त्यामुळे काहीही करून कुरोदा-सानच्या मनात जागा मिळवायची होती. पण कशी? माणूस कामापलीकडे अवाक्षर बोलायचा नाही.

मग एके दिवशी ट्रेनमध्ये मला ते दिसले. सूट, टाय, आणि हातात विटेएवढं जाडजूड चित्रांचं साप्ताहिक. एक पान उलटलं आणि साहेबांनी चक्क रुमाल काढून डोळे टिपले. मी थक्क. आपल्याकडे एवढा मोठा साहेब कॉमिक वाचताना सापडला असता तर आधी ते फाइलमध्ये लपवलं असतं. इथे कुणाला त्याचं काही नव्हतं.

शेजारच्या टेबलावरच्या ओगावा-सानला मी विचारलं. हा ओगावा-सान म्हणजे आमचा त्या ऑफिसातला आधार, कॉपी मशीनमध्ये कागद अडकण्यापासून कचऱ्याच्या पिशव्या कुठल्या वारी टाकायच्या इथपर्यंत सगळं त्यालाच विचारायचं. तो म्हणाला, "त्यातली सामुराईची मालिका. अख्खा मजला वाचतो. कुरोदा-सान तर पहिल्या भागापासून."

मला वाट सापडली! तेव्हापासून ओगावा-सान स्वतःचं वाचून झालं की अंक मला द्यायला लागला.

आता माझं जपानी वाचन यथातथाच. पण चित्रं समजायला भाषा कशाला लागते? मी आपला घरी यायचो, चहा घ्यायचो आणि अंक उघडायचो. उघडल्या उघडल्या जाहिराती. मला काही वेगळं वाटलं नाही, आपल्या दिवाळी अंकातही पहिली वीस पानं सोनं, साड्या आणि शुभेच्छाच असतात की. त्या ओलांडून मी गोष्टीला लागायचो.

गोष्ट मात्र भलतीच वेगळी होती. दर आठवड्याला आमचा नायक सुरुवातीलाच जिंकलेला. आजूबाजूला दहा-बारा शत्रू आडवे. मग एकेक शत्रू उठून उभा राहायचा, तलवार उगारायचा, जोरजोरात शिव्या द्यायचा आणि निघून जायचा. शेवटच्या पानावर नायक झाडाखाली झोपलेला. मी आणि वैशालीने त्याचं नाव 'झोपाळू' ठेवलं.

"मेलेली माणसं उठतात कशी रे?" वैशालीने एकदा विचारलं.

"बौद्ध लोक आहेत," मी म्हणालो. "पुनर्जन्म, क्षमा, वैरत्याग. आपल्याकडे हाणामारी संपली की गोष्ट संपते. हे लोक बघ, मारलेल्याला उठवून घरी पाठवतात आणि मग शांत झोपतात. केवढी खोल संस्कृती आहे!"

तिलाही पटलं. मी तर वडिलांना फोनवर अर्धा तास जपानी कथेचं तत्त्वज्ञान समजावून सांगितलं होतं. ते म्हणाले, "बरं, जेवणाचं कसं काय चाललंय?"

आणि मग डिसेंबरच्या सुरुवातीला तो आला.

त्या भागाच्या सुरुवातीलाच आमचा झोपाळू एका जळून खाक झालेल्या गावात गुडघे टेकून रडत बसलेला. रडून झालं की निघून जातो. काही करत नाही. मी म्हटलं, घ्या, हा बाबा रडायलाच आला. आणि पुढच्या पानावर एक नवा माणूस. पांढरेशुभ्र केस, ओठांवर बारीक हसू, तोंडात कसलं तरी सुकं फळ. हातात मशाल घेऊन तो एकेका घरासमोर उभा राहतो आणि ते जळकं घर पुन्हा धड होतं.

"मशालीने आग विझते?" मी म्हणालो.

"काट्याने काटा काढतात ना, तसं असेल," वैशाली म्हणाली. मास्तरीण आहे, तिच्याकडे सगळ्याला उत्तर असतं.

पुढे बघतो तर एक म्हातारा जमिनीवर पडलेला, पोटात तलवार. हा माणूस वाकून नमस्कार करतो, अलगद तलवार उपसून काढतो आणि म्हातारा उठून चहा प्यायला बसतो! मग गाडीवरून तांदळाची पोती उतरवून घराघरात नेऊन ठेवतो. एक आई हात पसरून आक्रोश करत असते, तिच्या कुशीत तिचं लेकरू आणून देतो. आणि कुत्रं! ते बिचारं लांब गटारात पडलेलं. याला पाहताच हवेतून अशी काही झेप घेतं की थेट याच्या पायापाशी येऊन शेपूट हलवतं. वैशालीच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटच्या पानावर लख्ख सकाळ, सुखी गाव, नववर्षासाठी तांदूळ कुटणाऱ्या बायका, आणि ते सगळं मागे ठेवून हा आपल्याकडे तोंड करून, हसत, एकटाच चाललेला. ना हार, ना सत्कार.

खरं सांगतो, मला भरून आलं. असा सत्पुरुष मी चित्रात पाहिला नव्हता. वयाचा मान म्हणून त्याला अरेतुरे करवेना. आम्ही त्यांना 'पांढरेकाका' म्हणायला लागलो.

दुसऱ्या दिवशी जेवताना ओगावा-सानने हळूच विचारलं, "नवा भाग पाहिलात? तो नवा आलेला माणूस... कसा वाटला?"

"अप्रतिम," मी म्हणालो. "असा माणूस होणे नाही."

ओगावा-सानने दातांतून सूऽऽ करून हवा आत ओढली. जपानी माणूस असं करतो तेव्हा तो अडचणीत आलेला असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं, दाद देतोय.

"तुम्हाला... आवडला?"

"आवडला? आमच्याकडे अशा माणसाच्या पायाशी बसतात."

"भारतात असे लोक आहेत?"

"पूर्वी पुष्कळ होते. आता कमी झालेत."

"ते बरंच झालं, नाही का?"

"छे हो! गावोगावी असा एक तरी हवा. माझे आजोबा थोडेफार असेच होते."

ओगावा-सानने खुर्ची जराशी मागे घेतली. मग धीर करून विचारलं, "आणि... कुत्र्याचा तो प्रसंग?"

"तो तर सगळ्यात गोड! माझी बायको रडली."

"हो का," एवढंच म्हणून त्याने भाताची वाटी उचलली आणि खाली मान घालून जेवायला लागला. या लोकांचं मला फार कौतुक वाटतं बघा. समोरचा माणूस ठार वेडा आहे अशी खात्री पटली तरी त्याला तसं भासू देत नाहीत. पण त्या दिवशी या सभ्यतेनेच माझा घात केला. पुण्यातला कुणी असता तर पहिल्याच वाक्याला म्हणाला असता, "डोकं ठिकाणावर आहे का?" आणि मी वाचलो असतो.

त्यातून मला आणखी एक साक्षात्कार झाला. पांढरे केस. बारीक हसू. सुकं फळ. वाकून नमस्कार. अहो, हे तर हुबेहूब कुरोदा-सान! म्हणजे चित्रकाराने आमच्या साहेबांना समोर बसवूनच काढलं असावं. हे एवढ्या मोठ्या मजल्यावर कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही, याचं मला नवल वाटलं. उचलली जीभ लावली टाळ्याला हा माझा स्वभाव, पण या वेळी मी गप्प राहिलो. कारण डिसेंबरअखेर ऑफिसची वर्ष सरायची पार्टी असते आणि तिथे नव्या माणसाला चार शब्द बोलायला लावतात. तिथेच बार उडवायचा ठरवला.

वैशालीला म्हटलं, "एक चित्र काढून दे. चेहरा कुरोदा-सानचा, बाकी सगळे पांढरेकाका."

ऑफिसच्या सहलीच्या ग्रुप फोटोवरून तिने जे काही चित्र काढलं, त्याला तोड नाही. मध्यभागी साहेब. एका हातात मशाल, दुसऱ्या हातात तलवार. पायाशी कुत्रं. एका बाजूला तांदळाची गाडी, दुसऱ्या बाजूला आई आणि लेकरू. मागे धूर. आणि समोर गावकऱ्यांच्या जागी आम्ही चौघे पुणेकर, गुडघे टेकून, हात जोडून.

"हात जोडलेले बरे दिसतात ना?" तिने विचारलं.

"उत्तम. कृतज्ञता दिसतेय," मी म्हणालो.

पार्टी एका बैठ्या जपानी हॉटेलात होती. मी उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगांवर उपजीविका करत माझ्या पाळीची वाट पाहत होतो. आणि आली पाळी. उभा राहिलो. पाठ केलेलं जपानी घडाघडा सुरू केलं.

"आदरणीय कुरोदा-सान. आपण सगळे एकच सामुराई मालिका वाचतो. तिच्यात नुकताच एक पांढऱ्या केसांचा माणूस आला. तो मला पाहताक्षणी ओळखीचा वाटला. तो माणूस म्हणजे आपले कुरोदा-सान!"

 कुणाच्या तरी हातातल्या जेवायच्या काड्या ताटलीत पडल्या. मला वाटलं, रंगतंय.

"त्या गावात त्याने जे केलं, तेच कुरोदा-सान इथे रोज करतात. आम्ही चौघे म्हणजे ते गाव. आमच्या प्रोजेक्टचं काय झालंय ते तुम्ही पाहताच आहात. हे कुणामुळे झालं? यांच्यामुळे. कुरोदा-सान, तुम्ही आमच्यासाठी जे केलंत, ते आम्ही मरेपर्यंत विसरणार नाही!"

आणि चित्र उघडून दाखवलं.

मंडळी, चाळीस माणसांनी एकदम दातांतून हवा ओढली तर कसा आवाज होतो, तो मी ऐकलाय. ओगावा-सानने डोळे मिटून घेतले. माझे तिघे पुणेकर मात्र टाळ्या वाजवत होते, कारण त्यांना जपानी माझ्याहून कमी येत होतं. कुरोदा-सान उठले. चित्र दोन्ही हातांनी घेतलं. बराच वेळ पाहिलं. हात जोडून बसलेल्या आम्हा चौघांवरून बोट फिरवलं. वाकले. "मनापासून आभार," म्हणाले आणि काही न खाता घरी गेले.

"भारावले बिचारे," मी ओगावा-सानला म्हणालो.

"पातो-सान," तो कापऱ्या आवाजात म्हणाला, "तुम्ही फार शूर आहात."

शूर? मी घरी येऊन वैशालीला सांगितलं, "हे लोक साध्या कौतुकालाही शौर्य म्हणतात. किती अबोल समाज आहे बघ. मार्चची काळजी सोड आता."

दुसऱ्या दिवशी सकाळीच बोलावणं आलं. कुरोदा-सान एकटेच होते. समोर टेबलावर ते चित्र. चेहरा असा की रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला नसावा. मी दार लावलं, तसे ते उठले, माझ्यासमोर आले आणि कमरेत वाकले. साधं नाही. डोकं पार गुडघ्यांपर्यंत. आणि वर येईनात.

मी हादरलो. एवढा मोठा माणूस आपल्यापुढे असा वाकलाय म्हटल्यावर करायचं काय? मीही वाकलो. दोघे वाकलेले. कुणी आधी उठायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

शेवटी त्या अवस्थेतच ते बोलले, "पातो-सान, मी विचार केला. तांदळाची पोती म्हणजे तुमचे शनिवार. आईपासून हिरावलेलं मूल म्हणजे तुमचे संसार. मी तुमचं गाव जाळत होतो, आणि मला कळलं नाही."

मला काही अर्थबोध होईना.

"तो माणूस माझ्यासारखा दिसतो, हे मला ठाऊक होतं," ते पुढे म्हणाले. "घरी मुलगी हसली होती. मजल्यावर सगळे मी गेलो की कुजबुजायचे. पण तोंडावर म्हणायची हिंमत एकट्या तुम्ही दाखवलीत. फक्त एकच कळलं नाही. ते कुत्रं म्हणजे ओगावा-सान का?"

"अहो, पण कुरोदा-सान," मी सरळ उभा राहिलो, "जाळलं कुठे? आग तर तुम्ही विझवलीत! पोती तुम्ही आणून दिलीत! लेकरू आईला परत केलंत!"

आता तेही उभे राहिले.  मग खणातून त्यांचा स्वतःचा अंक काढून माझ्यापुढे धरला. "दाखवा," म्हणाले.

मी दाखवलं. जाहिराती ओलांडल्या, पान काढलं, एकेक चित्रावर बोट ठेवत डावीकडून उजवीकडे सगळं समजावून सांगितलं. झोपाळूचं रडणं, मशाल, काट्याने काटा, म्हाताऱ्याचा चहा, कुत्र्याची झेप. त्यांनी एकदाही मधे तोडलं नाही. गोष्ट सकाळपाशी येऊन संपली, तेव्हा ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "आता मी दाखवू?"

आणि त्यांनी अंक माझ्यासमोर उलटा केला. आपल्या हिशोबाने पाठीमागचं पान वर आलं. तिथून त्यांनी वाचायला सुरुवात केली. उजवीकडून डावीकडे.

लख्ख सकाळ. सुखी गाव. रस्त्यावरून हसत येणारे पांढरेकाका. पायाशी शेपूट हलवणारं कुत्रं, एक लाथ, कुत्रं हवेत, कुत्रं गटारात. आईच्या कुशीतलं लेकरू...

पुढचं मी सांगत नाही. दे माय धरणी ठाय झालं. एवढा नीच, एवढा हलकट, एवढा पाताळयंत्री माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. आणि त्याच वेळी, काय सांगू, मनातून त्या चित्रकाराला दंडवत घालत होतो. कारण हा खलनायक कुठे दात विचकत नव्हता की गडगडाटी हसत नव्हता. म्हाताऱ्याच्या पोटात तलवार घालण्याआधी वाकून नमस्कार करतो! पोती उचलताना गावकऱ्यांची माफी मागतो! सुकं फळ चघळत, अदबीने, एकेक घर पेटवतो. त्या अदबीनेच अंगावर काटा येत होता. केवढा विचार केलाय त्या माणसाने एका चित्रावर. आणि हा नराधम आम्ही चित्रात काढून, वर हार घातल्यासारखा साहेबांना भेट दिला होता. माझे आजोबा असेच होते असंही सांगून बसलो होतो.

"म्हणजे..." मी म्हणालो, "झोपाळू रोज उठून लढतो?"

"रोज," कुरोदा-सान म्हणाले. "झोपेतून उठतो आणि लढतो."

आणि मग त्यांचा खांदा हलला. आधी मला वाटलं, रागाने. पण ओठ थरथरले, रुमाल बाहेर आला, आणि कुरोदा-सान, ज्यांना कुणी कधी हसताना पाहिलं नव्हतं, टेबलावर डोकं ठेवून हसायला लागले. बाहेर मजल्यावर टायपिंगचा आवाज थांबला. माझं सगळं आता संपलं, हे मला कळून चुकलं होतं. पुण्याची बॅग, भाडेकरू, सासुरवाडी, सगळं डोळ्यांपुढे आलं.

डोळे पुसून ते म्हणाले, "पुन्हा एकदा तुमच्या बाजूने सांगा."

मी रडवेल्या आवाजात पुन्हा सांगितलं. गाव वसलं, कुत्रं उठलं, म्हातारा चहा प्यायला.

"ही गोष्ट जास्त बरी आहे," ते म्हणाले. मग कोट नीट केला आणि पुन्हा साहेब झाले. "पण मी तुमची माफी मागितलीय, आणि मागितलेली माफी परत घेता येत नाही. शनिवार तुमचे. सगळ्यांचे. आणि हे तुमच्या बाजूचं वाचन आपल्या दोघांतच राहू द्या. बाहेर सगळ्यांना तुम्ही शूर वाटताय. ऑफिसात एक तरी शूर माणूस असलेला बरा."

त्या शुक्रवारी कुणी आमच्या टेबलापाशी आलं नाही. मार्चमध्ये राहणाऱ्यांच्या यादीत माझं नाव होतं, बदली टेस्टिंग विभागात. कारण विचारलं तर कुरोदा-सान म्हणाले, "तिथे उलट्या बाजूने बघणारा माणूस लागतो."

चित्र त्यांनी खुर्चीमागे भिंतीवर लावलं. नवा माणूस जॉइन झाला की ओगावा-सान त्याला त्या चित्राची गोष्ट सांगायचा, दबक्या आवाजात, माझ्याकडे बोट दाखवून. नवी पोरं मला वाकून नमस्कार करायची. पहिलं वर्षभर मला संकोच वाटला. मग सवय झाली. पुढे पुढे तर, खोटं कशाला बोलू, मला स्वतःलाच वाटायला लागलं की त्या दिवशी मी थोडंफार शौर्य दाखवलंच होतं. एखाद्या ज्युनिअरला मी सल्लाही द्यायचो, "साहेबाला तोंडावर सांगायला शिका." वैशाली हे ऐकून स्वयंपाकघरात जाऊन हसायची.

आणि ती मालिका मी नंतर एकही भाग न चुकवता वाचली. उजवीकडून. इतकी सवय लागली की टेलिफोनचं बिलसुद्धा मी मागून उघडायला लागलो. पांढरेकाका पुढे आणखी नीच होत गेले आणि मला आणखी आवडत गेले.

काही वर्षांनी आम्ही पुण्याला परत निघालो. निरोपाची पार्टी त्याच हॉटेलात, त्याच शेंगांवर. ओगावा-सानने भाषण केलं. "पातो-सानच्या धैर्यामुळे आपल्या सगळ्यांना शनिवार मिळाले," तो म्हणाला. सगळा हॉल माझ्यापुढे वाकला. मी मान खाली घालून विनयाने बसलो होतो. असा विनय करायलाही सराव लागतो.

मग कुरोदा-सान उठले आणि कागदात गुंडाळलेली भेट दोन्ही हातांनी दिली. उघडली तर त्याच मालिकेचा इंग्रजी खंड. परदेशातून खास मागवलेला. पांढरेकाका येतात तो भाग त्या खंडात शेवटी होता.

"घरी वाचायला," ते म्हणाले. "तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून हा."

मी हेलावलो. आणि म्हटलं, आता या नव्या पोरांना दाखवावं, इतक्या वर्षांत हा परदेशी माणूस किती तयार झालाय. सगळ्यांच्या देखत, अगदी सराईतासारखा, मी पुस्तक उजवीकडून उघडलं. भराभर पानं उलटली. जळकं गाव. रडणारा झोपाळू. मशाल. म्हाताऱ्याच्या पोटातून निघालेली तलवार. आईच्या कुशीत परत आलेलं लेकरू.

माझं डोकंच फिरलं.

"कुरोदा-सान, हे बघितलंत का?" मी भर सभेत ओरडलो. "इंग्रजीवाल्यांनी घोटाळा करून ठेवलाय! चांगल्या हलकट माणसाला सज्जन करून टाकलं!"

 कुरोदा-सान शांतपणे पुढे झुकले, माझ्या हातातलं पुस्तक अलगद फिरवलं आणि डाव्या बाजूने पुन्हा माझ्या हातात दिलं. इंग्रजी खंड आपल्या बाजूने छापला होता. म्हणूनच तर तो मागवला होता.

ओगावा-सानने पुस्तकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उमटत गेलं, चाळीस माणसांना एकदम कळावं असं. त्याने दातांतून सूऽऽ करून हवा आत ओढली.

"पातो-सान," तो म्हणाला, "म्हणजे त्या दिवशीसुद्धा?"